राउटर बदलायच्या आधी पोर्ट बघा, भिंत बघा

वायफाय हळू चालतंय, नवीन राउटर आणूया का, हा विषय हल्ली बेळगाव, खानापूर, निपाणीकडं घरोघरी निघतो. मुलगा किंवा सून पुण्याच्या नाहीतर बेंगळुरूच्या कंपनीचं काम घरून करते, आतल्या खोलीत मीटिंग अडकते, टीव्हीवर चाक फिरत राहतं. दुकानदार सांगतो, "वायफाय सिक्स घ्या, सगळं सुटेल." कधीकधी खरंच सुटतं. पण पुष्कळ घरांत जखम मांडीला आणि मलम शेंडीला असं होतं. चार हजारांचा डबा येतो आणि माजघरातला स्पीड होता तिथंच राहतो.

खांबावरून आलेलं इंटरनेट तुमच्या फोनपर्यंत पोचताना चार ठिकाणी अडू शकतं. बाहेरून येणारी लाइन, घरातल्या डब्यांमधली वायर आणि तिचे पोर्ट, राउटरपासून फोनपर्यंतचा हवेतला टप्पा, आणि खुद्द फोन किंवा लॅपटॉप. यांतला जो टप्पा सगळ्यांत अरुंद, तेवढाच स्पीड हातात पडतो. नवीन राउटरनं दुसरा आणि तिसरा टप्पा सुधारू शकतो, तोही दरवेळी नाही. म्हणून पैसे काढायच्या आधी कुठं अडतंय ते मोजायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.

आधी वायरवर मोजा

हिरव्या टोकाची बारीक फायबर ज्या डब्यात खुपसलेली असते तो ओएनटी. बऱ्याच घरांत हाच डबा वायफायही देतो, काही घरांत त्याच्यापुढं वेगळा राउटर असतो. लॅन केबल घेऊन लॅपटॉप थेट ओएनटीला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, बाकीचे फोन आणि टीव्ही थोडा वेळ थांबवा आणि स्पीड टेस्ट लावा. एकदा सकाळी लवकर, एकदा रात्री नऊ-दहाला. टेस्ट आपणहून जवळचा सर्व्हर निवडते, बऱ्याचदा तो तुम्हाला इंटरनेट देणाऱ्या कंपनीचाच असतो, त्यामुळं आकडा गोड दिसतो. सर्व्हर हातानं बदलून एकदा मुंबईचा आणि एकदा बेंगळुरूचा घ्या. आपलं काम ज्या शहरातल्या सर्व्हरवर चालतं तिथला आकडा कामाचा.

सकाळी वायरवर पूर्ण स्पीड मिळतो आणि रात्री निम्मा होतो, तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. कितीही भारी राउटर आणला तरी रात्रीचा आकडा हलणार नाही. तक्रार करा, नाहीतर गल्लीत दुसऱ्या कुणाची फायबर आहे का ते विचारा. ज्यांच्याकडं अजून तांब्याच्या टेलिफोन तारेवरचं ब्रॉडबँड आहे त्यांनी तर राउटरचा विचारच करू नये. त्यातल्या नेहमीच्या तंत्राची (एडीएसएल) कमाल मर्यादाच २४ एमबीपीएस आहे आणि एक्स्चेंजपासून घर जितकं लांब तितका स्पीड खाली. तिथं खर्च फायबर घेण्यावरच करायचा.

वायरवरचा आकडा दोन्ही वेळेला प्लॅनएवढा आला, तर लाइन चांगली आहे, पुढं सरका.

एका आकड्याकडं मात्र नीट लक्ष द्या. प्लॅन १५० किंवा २०० एमबीपीएसचा आहे आणि टेस्ट कायम ९२ ते ९५ च्या मध्ये अडकते, तर साखळीत कुठंतरी १०० चा पोर्ट किंवा बिघडलेली वायर आहे. याच्याइतकी स्पष्ट खूण दुसरी नाही. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यांतल्या चारच लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या. १००० ला आठही लागतात. क्रिंप करताना, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवताना, एखादी तार नीट बसली नसेल किंवा उंदरानं कुरतडली असेल, तर केबल बंद पडत नाही. दोन्ही टोकांचे पोर्ट गुपचूप १०० वर उतरतात आणि सगळं चालू आहे असं वाटत राहतं. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट असं उघडलं की लिंक स्पीड दिसतो. तिथं १०० दिसलं तर आधी केबल बदलून बघा. दोन्ही टोकं नव्यानं क्रिंप करून भागतं, राउटर तसाच ठेवा. मात्र लॅपटॉपचा स्वतःचा पोर्टही १०० चा असू शकतो, विशेषतः जुना आणि स्वस्तातला असेल तर. शक्य असल्यास दुसऱ्या लॅपटॉपवर खात्री करा.

ओएनटीच्या मागं दोन किंवा चार पोर्ट असतात आणि ते सगळे सारखे नसतात. पुष्कळ ओएनटींवर एकच पोर्ट गिगाबिटचा असतो, त्यावर जीई असं छापलेलं असतं. बाकीचे एफई, म्हणजे १०० चे. लाइनमननं घाईत राउटरची वायर एफईमध्ये खुपसली असेल, तर ३०० चा प्लॅन घेऊनही तुम्ही महिनोन् महिने १०० वापरत बसता. वायर काढून जीईमध्ये लावायला दोन सेकंद लागतात. हे तपासल्याशिवाय कुणीही नवीन राउटर घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

वायरवरचा आकडा ९५ च्याही बराच खाली असेल आणि सकाळ-रात्र फरक नसेल, तर फायबरमधून येणारा प्रकाश बघायचा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा (काही ओएनटींचा पत्ता वेगळा असतो, डब्याखालच्या स्टिकरवर नाव आणि पासवर्डसकट तो छापलेला असतो). आत ऑप्टिकल किंवा पॉन नावाचं पान असतं, त्यावर आरएक्स पॉवर हा उणे चिन्हाचा आकडा दिसतो. डीबीएम हे ताकदीचं माप, उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. उणे १५ ते उणे २४ डीबीएमच्या दरम्यान असेल तर उत्तम. उणे २७ च्या आसपास गेला की लाइन काठावर आहे, पावसाची एक सर आली की डब्यावरचा लॉसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लुकलुकायला लागतो. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात झाडाची फांदी तारेवर येते, खांबावरच्या पेटीत पाणी शिरतं, जोड खराब होतो. घरातली कारणंही असतात. दाराच्या चौकटीत दाबलेली फायबर, कपाटामागं काटकोनात मोडलेली, खिळ्याच्या क्लिपनं आवळलेली. उरलेल्या फायबरचं वेटोळं बांगडीपेक्षा लहान करू नका. हिरव्या टोकाच्या तोंडाला बोट लावू नका, आणि त्यात डोकावून तर मुळीच बघू नका, आतला लेझर डोळ्याला दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

तक्रार करताना "नेट स्लो आहे" एवढंच सांगितलं तर फोनवरून डबा बंद-चालू करायला लावतात आणि तक्रार मिटवतात. "आरएक्स पॉवर उणे २८ येतोय, जोड तपासा" असं सांगा आणि आकड्याचा फोटो पाठवा. लाइनमन कन्नड बोलणारा असो की मराठी, हा आकडा त्याला लगेच कळतो आणि तो पॉवर मीटर घेऊनच येतो.

खोक्यावरचे आकडे

वायरवर सगळं ठीक निघालं, तर आता वायफाय. इथं आधी खोक्यावर काय लिहिलंय ते समजून घ्यायला हवं.

एन ३०० म्हणजे वायफाय ४, २००९ चं तंत्र, आणि वायफायचे जे दोन नेहमीचे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, त्यांतल्या फक्त २.४ वर हे डबे बहुतेक चालतात. ३०० हा आकडा ४० मेगाहर्ट्झ रुंद चॅनल (बँडमधली एक गल्ली) मोकळा मिळाला तरचा, तोही हवेतला. शहापूरच्या किंवा खडेबाजारच्या गल्लीत फोनवर शेजाऱ्यांची दहा-पंधरा वायफाय नावं दिसतात. तिथं असा डबा हातात ३० ते ५० एमबीपीएस देतो. ४० चा प्लॅन असेल तर चालून जातं. १०० किंवा १५० चा प्लॅन असेल तर हा राउटर खरोखरच अडथळा आहे, तो बदला.

एसी १२०० म्हणजे वायफाय ५. २.४ चे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७, यांची बेरीज करून १२०० लिहितात. एकच फोन एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळं १२०० कुणालाच मिळत नाहीत. ५ गिगाहर्ट्झवर त्याच खोलीत दोन अँटेनांचा फोन ४००-५०० च्या घरात जाऊ शकतो. पण स्वस्त एसी १२०० मध्ये एक मोठी मेख आहे. त्यांतल्या कित्येकांचे मागचे सगळे पोर्ट १०० चे असतात. हवेत ८६७ आणि वायरीत १००, म्हणजे इंटरनेट ९५ च्या वर जाणारच नाही. खोक्यावर पुढं मोठ्या अक्षरात १२०० असतं, पोर्टचा उल्लेख मागं बारीक अक्षरात. १०/१०० लिहिलं असेल तर परत ठेवा, १०/१००/१००० लिहिलेला घ्या. किमतीतला फरक साधारण पाचशे ते हजार रुपयांचा असतो आणि तो देण्यासारखा आहे.

एएक्स १५०० म्हणजे वायफाय ६, त्यात २.४ चे ३०० आणि ५ चे १२०१. एएक्स ३००० मध्ये ५ गिगाहर्ट्झचे २४०२ असतात, पण ते १६० मेगाहर्ट्झ रुंद चॅनलवर. अनेक फोन ८० च्या पुढं जात नाहीत, त्यांना एएक्स ३००० वरही १२०१ चीच लिंक मिळते. वायफाय ६ चा खरा फायदा एकाच घरात पंधरा-वीस उपकरणं एकदम बोलत असतील तेव्हा दिसतो, आणि तोही ती उपकरणं वायफाय ६ ची असतील तरच. आयफोन ११ पासून पुढच्या फोनांत ते आहे. दहा-बारा हजारांच्या अँड्रॉइड फोनांत बहुधा वायफाय ५ असतं, तेही एका अँटेनाचं, ज्याची लिंकच ४३३ ची. घरात असेच चार फोन असतील तर वायफाय ६ घेऊन त्यांना फार काही वेगळं मिळणार नाही. वायफाय ७ चे डबेही आता दुकानात दिसतात. १०० किंवा २०० च्या प्लॅनवर त्यासाठी पैसे घालू नयेत.

आणि एक हिशेब लक्षात असू द्या. टीव्हीवर ४के चित्रपटाला १५ ते २५ एमबीपीएस लागतात, एचडीला ५, व्हिडिओ मीटिंगला दोन्ही बाजूंनी ३-४. चार माणसांच्या घराला १०० चा प्लॅन भरपूर होतो. मीटिंग अडकते ती स्पीड कमी म्हणून नाही, सिग्नल कच्चा म्हणून किंवा त्याच वेळी कुणाच्या तरी फोनवरचे फोटो वर चढत असतात म्हणून. दुसरं कारण असेल तर राउटरच्या क्यूओएसमध्ये, म्हणजे कशाला किती स्पीड द्यायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, अपलोडची मर्यादा मोजलेल्या आकड्याच्या ९० टक्क्यांवर बांधा. फोटो सावकाश चढतील, पण आवाज तुटणार नाही.

भिंत

आपल्या भागात खरी अडचण इथं आहे. खानापूर-जांबोटी पट्ट्यात जांभ्याच्या चिऱ्यांची घरं, निपाणी-चिकोडीकडं काळ्या दगडाची, आणि जुन्या पेठांमधून मातीच्या दीड-दोन फुटी भिंती. ५ गिगाहर्ट्झची लहर अशी एक भिंत ओलांडताना अर्धमेली होते, दुसरीपलीकडं उरतच नाही. २.४ ची लहर थोडी पुढं जाते. पावसाळ्यात भिंती ओल धरतात आणि ओली भिंत लहरी आणखी खाते, त्यामुळं मेमध्ये परसाकडं चालणारं वायफाय जुलैमध्ये चालेनासं होतं. राउटर बिघडला असं वाटतं, पण तो तसाच असतो.

त्यात घरांची ठेवण. शहापूर, वडगावकडची घरं पुढून अरुंद आणि आत लांबच लांब. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मग परसू. फायबर पुढून येते, लाइनमन सोप्यातच डबा ठोकून जातो. काम करणारा माणूस शांतता हवी म्हणून मागच्या खोलीत बसतो. मध्ये तीन भिंती, एखादं लोखंडी कपाट आणि भांड्यांची मांडणी. कायद्यानं राउटरला ठरावीक ताकदीपेक्षा जास्त लहर सोडता येत नाही, मग तो दोन हजारांचा असो की वीस हजारांचा. आणि समजा त्याची लहर पोचली, तरी तुमच्या फोनच्या इवल्याशा अँटेनाची उत्तराची लहर परत पोचायला हवी. चार-सहा अँटेना उभ्या असलेला राउटर घेऊनही मागची खोली कोरडी राहते ती यामुळं.

हे मोजता येतं. अँड्रॉइडवर वायफाय अॅनालायझर प्रकारचं एखादं अॅप टाका आणि घरभर फिरा. उणे ५० डीबीएम म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ मीटिंग बिनतक्रार चालते. उणे ७० नंतर अडखळायला लागते, उणे ८० ला तुटते. राउटरच्या खोलीत उणे ४५ आणि मागच्या खोलीत उणे ८२ दिसत असेल, तर राउटर चांगला आहे, जागा चुकीची आहे.

मग पहिला उपाय फुकटचा. राउटर टीव्हीच्या मागून, शोकेसमधून, कपाटावरच्या कोपऱ्यातून काढा आणि पाच-सहा फूट उंचीवर उघडा ठेवा. फायबर जिथं आली तिथंच राउटर असला पाहिजे असं काही नाही. ओएनटी सोप्यात राहू द्या, लॅन केबलनं राउटर माजघरात न्या. दुसरा फुकटचा उपाय चॅनलचा. २.४ वर रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि १, ६, ११ यांपैकी ज्यावर शेजाऱ्यांची गर्दी कमी तो निवडा. ३ किंवा ८ निवडला तर दोन्हीकडच्यांशी टक्कर होते. ५ गिगाहर्ट्झवर रुंदी ८० आणि चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला ठेवा. मधल्या ५२ ते १४४ या पट्ट्यातल्या बहुतेक चॅनलांवर राउटरला रडारसाठी कान देऊन बसावं लागतं. चालू होताना तो निदान मिनिटभर गप्प राहतो आणि रडारसारखं काही ऐकलं की मध्येच चॅनल बदलतो.

टिळकवाडी, भाग्यनगरमधल्या हजार चौरस फुटांच्या विटांच्या फ्लॅटला एवढं पुरतं. राउटर मधोमध आणला की संपलं. दगडी आणि मातीच्या घरांना पुरत नाही. तिथं माझा आग्रह एकच, राउटरचे पैसे केबलवर घाला.

वीस-पंचवीस मीटर कॅट ६ केबल सोप्यातून परसाच्या खोलीपर्यंत टाकली आणि तिथं जुनाच राउटर लावला, तर मागच्या खोलीला अख्खा स्पीड मिळतो, वरून पाऊस पडो की ओल धरो. केबल घेताना शुद्ध तांब्याचीच मागा. सीसीए म्हणजे अॅल्युमिनियमला तांब्याचा मुलामा दिलेली, ती स्वस्त पडते पण तारा ठिसूळ असतात, क्रिंपमध्ये तुटतात आणि पुन्हा ते ९५ चं दुखणं मागं लागतं. दुकानात तार नखानं किंवा ब्लेडनं खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर ती सीसीए. भिंतीला भोक पाडवत नसेल तर वळचणीखालून, खिडकीच्या चौकटीतून न्या. बाहेरून जाणारा भाग काळ्या आवरणाच्या, बाहेरच्या वापराच्या केबलचा असू द्या, घरातली राखाडी केबल दोन उन्हाळ्यांत तडकते. भोक पाडलंच तर बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवा आणि आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळत घरात येणार नाही. विजेच्या वायरिंगला चिकटून लांबवर नेऊ नका, वीतभर अंतर ठेवा, ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

जुना राउटर मागं लावायची रीत अशी. आधी तो रीसेट करून लॅपटॉपला जोडा. त्याचा स्वतःचा लॅन पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, म्हणजे पुढच्या डब्याच्या १९२.१६८.१.१ शी भांडण होणार नाही. पुढच्या डब्याचा पत्ता वेगळ्या मालिकेतला असेल तर त्याच मालिकेतला मोकळा पत्ता द्या. मग डीएचसीपी बंद करा, कारण घरात पत्ते वाटणारा एकच हवा. दोघे वाटायला लागले की कधी हा फोन चालत नाही, कधी तो, आणि कारण सापडत नाही. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार पुढच्यासारखाच ठेवा, चॅनल मात्र वेगळा. शेवटी पुढून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा, निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं इंटरनेट आत घेणाऱ्या) नाही. वॅन रिकामाच राहतो. मेन्यूत ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर हे सगळं एका टिचकीत होतं आणि मग केबल त्यात सांगितलेल्या पोर्टला लावायची. जुना राउटर १०० च्या पोर्टचा असला तरी मागच्या खोलीच्या मीटिंगला आणि टीव्हीला ९५ पुरून उरतात.

केबल टाकणं जमणारच नसेल, भाड्याचं घर असेल, तर मेश, म्हणजे आपसांत हवेतून जोडलेले दोन-तीन वायफाय डबे. पण मेशचा दुसरा डबा जिथं वायफाय येत नाही तिथं ठेवून उपयोग नाही. त्याला स्वतःलाच आधी चांगला सिग्नल हवा, म्हणून तो मधल्या खोलीत, शक्यतो दाराच्या रेषेत, उणे ६० च्या आसपास सिग्नल असेल तिथं. हवेतून एक टप्पा पुढं नेताना दोन बँडच्या मेशमध्ये स्पीड साधारण निम्मा होतो. सिग्नल पकडून पुढं सोडणाऱ्या हजार-बाराशेच्या रिपीटरचंही तेच, आणि फक्त २.४ वर चालणारा रिपीटर तर घेऊच नका.

मग नवीन राउटर केव्हा

वायरवर स्पीड पूर्ण आहे, जीईचा पोर्ट वापरलाय, जागा बदलून झाली, आणि तरीही राउटरच्याच खोलीत, उणे ५० चा सिग्नल असताना, ५ गिगाहर्ट्झवर प्लॅनच्या निम्मा स्पीड मिळतो, तर राउटर बदलायलाच हवा. ओएनटी किंवा राउटर फक्त २.४ चा आहे आणि प्लॅन १०० चा आहे, तरीही. प्लॅन १०० च्या वर नेलाय आणि राउटरचे पोर्ट १०० चे आहेत, तेव्हा तर दुसरा मार्गच नाही. रोज एक-दोनदा बंद-चालू करावा लागतो, हात लावला तर चटका बसतो, अशा डब्याचा आधी अॅडॉप्टर बदलून बघा. सुस्त झालेल्या अॅडॉप्टरमुळंही असंच होतं आणि तो दोनशे-तीनशेत मिळतो. आणि ज्या राउटरला कंपनीनं सॉफ्टवेअर अपडेट द्यायचं थांबवलंय, तो इंटरनेटच्या तोंडाशी ठेवू नये. स्पीड चांगला असला तरी सुरक्षेसाठी तो काढा, किंवा वर सांगितल्याप्रमाणं मागच्या खोलीत आतल्या बाजूला वापरा.

काय घ्यायचं? १०० पर्यंतच्या प्लॅनला गिगाबिट पोर्टचा एसी १२०० पुरतो. २०० ते ३०० च्या प्लॅनला किंवा उपकरणं जास्त असलेल्या घराला गिगाबिट पोर्टचा एएक्स १५००, फार तर एएक्स १८००. त्यापुढं जाण्याचं कारण आपल्याकडच्या बहुतेक घरांत नाही. उरलेल्या पैशांत केबल येते.

घेण्याआधी इंटरनेट देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. पीपीपीओईचं (इंटरनेटच्या लॉगिनचं) नाव आणि पासवर्ड, राउटरच्या सेटिंगमध्ये भरायचा व्हीलॅन नंबर, आणि ओएनटी ब्रिज मोडवर करून मिळेल का, म्हणजे तो नुसता लाइन पुढं देईल आणि बाकीचं काम तुमचा राउटर करेल. ओएनटी स्वतः काढून दुसरा लावता येत नाही, त्याचा सिरियल नंबर कंपनीच्या यंत्रात नोंदलेला असतो. ब्रिज करून दिला नाही तरी बिघडत नाही. नवीन राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकून जीई पोर्टला लावा आणि ओएनटीचं स्वतःचं वायफाय बंद करा, नाहीतर दोन्ही डबे एकमेकांच्या अंगावर ओरडत राहतात. फायबरवर लँडलाइन फोन असेल तर ब्रिज करताना ती बंद पडणार नाही ना, हे लाइनमनकडून करून घेतानाच तपासा. बाहेरगावाहून घरचा सीसीटीव्ही दिसत नाही म्हणून राउटर बदलत असाल तर थांबा. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानंही सुरू होत असेल, तर एकच पत्ता कंपनीनं अनेकांना वाटून दिलाय. त्याला स्टॅटिक आयपी (फक्त आपला, न बदलणारा पत्ता) घेणं किंवा कॅमेऱ्याच्याच क्लाउड अॅपवर जाणं, हेच उपाय.

नवीन राउटर लावल्यावर वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला तर घरातली सगळी उपकरणं आपोआप जोडली जातात. सुरक्षा डब्ल्यूपीए २ आणि ३ मिश्र ठेवा. नुसतं ३ ठेवलं की जुना टीव्ही, कॅमेरा, सोलर इन्व्हर्टरचं वायफाय जोडलंच जात नाही. कॅमेरे आणि सोलरचे असे डबे बहुतेक २.४ वरच चालतात. दोन्ही बँडना एकच नाव असेल तर पहिल्यांदा जोडताना ते अडतात. तेवढ्यापुरतं ५ गिगाहर्ट्झ बंद करा, जोडून झालं की चालू करा. अॅडमिनचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्डशिवाय बटणानं जोडायची सोय) आणि रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरच्या सेटिंग उघडायची सोय) बंद करा.

लाइट गेल्यावर

हेस्कॉमची लाइट गेली की वायफाय जाणं हाही कित्येकांना राउटरचाच दोष वाटतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण नॉर्मलवरून यूपीएसवर करा. नॉर्मलवर बदल सावकाश होतो, तेवढ्यात ओएनटी आणि राउटर दोन्ही रीस्टार्ट होतात आणि तीन-चार मिनिटं जातात. इन्व्हर्टर नसेल तर राउटरचा मिनी यूपीएस घ्या. ओएनटी ५-६ वॅट आणि राउटर ६-७ वॅट खातो, मिळून बारा धरा. २००० एमएएचच्या तीन सेलचा यूपीएस म्हणजे साधारण २२ वॅट-तास, नुकसान जाता दीड तास चालतो. दोन्ही डबे एकाच यूपीएसवर घ्यायचे तर तो १२ व्होल्ट, निदान २ अँपियरचा हवा. घेण्याआधी दोन्ही अॅडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा, काही जुने राउटर ९ व्होल्टचे असतात आणि १२ वर जळतात. पिन बाहेरून ५.५ मिलिमीटर सारखीच दिसते, आतलं भोक मात्र २.१ किंवा २.५ चं असतं. २.१ ची पिन २.५ च्या खाचेत बसतच नाही, आणि उलट असेल तर बसते पण सैल राहते आणि हात लागला की राउटर रीस्टार्ट होतो.

वळवाच्या दिवसांत विजा पडतात तेव्हा फायबरच्या काचेतून काही येत नाही. येतं ते विजेच्या प्लगमधून आणि उघड्यावरून नेलेल्या लॅन केबलमधून. एका घरातून दुसऱ्या घरात किंवा मळ्यातल्या खोलीवर हवेतून लॅन केबल ओढली असेल, तर जवळपास पडलेल्या विजेनं दोन्ही टोकांचे पोर्ट जातात. तेवढ्या टप्प्याला फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (लॅन केबलचं फायबरमध्ये आणि उलट करणारे छोटे डबे) वापरा. गडगडाट सुरू झाला की प्लग काढायचा, आणि अशी केबल असेल तर तीही दोन्हीकडून उपसून ठेवायची.